बहात्तर मिलिमीटर

१

मिलिमीटर हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. पण बाजारात कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी स्वतःसुद्धा मागे वळून पाहिलं नसतं. पस्तीस वर्षं त्यांनी चष्मे केले. गिऱ्हाईक आरशात बघून "बास, झकास" म्हणालं तरी हे त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेणार आणि म्हणणार, "थांबा, डावं भिंग अर्धा मिलिमीटर खाली बसलंय." अर्ध्या मिलिमीटरने जगात असं काय बिघडतं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की डोळ्यांवर पाऊण तासाचं व्याख्यान.

त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. म्हणजे गेल्या वर्षीच्या आजारपणापर्यंत होता. आजार गेला, आणि त्याच्याबरोबर भूक गेली ती परत आलीच नाही. दोन चमचे सूप, अर्धा घास मऊ भात, की बाई मान फिरवत. रागाने नाही, अगदी ओशाळून. "अहो, खाली उतरतच नाही हो," म्हणत त्या उलट मिलिमीटरांचाच हात थोपटत.

नर्सताई दर शनिवारी वजनकाटा घेऊन येत. काटा एकेचाळीसवरून चाळीसवर आणि चाळीसवरून साडेएकोणचाळीसवर आला, तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं: अडतीसच्या खाली गेल्या तर दवाखान्यात हलवायचं, आणि नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडायचं.

त्या दिवशी बाईंनी एकच गोष्ट मागितली. "मला नळ्या लावून कुठे नेऊ नका. जे व्हायचं ते याच खोलीत, तुम्ही शेजारी असताना होऊ दे."

मिलिमीटर "बरं" म्हणाले. चाळीस वर्षांत बायकोला दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता. आणि हा शब्द पाळला तर बायको राहणार नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं.

मासे आणायची कल्पना लेकीची. ती लांब राहायची, रोज फोन करायची. "बाबा, लहानपणी मला चिमण्या दाखवत भरवायचात ना तुम्ही? तसे आईला मासे दाखवा. बघता बघता चार घास जातील पोटात."

२

टाकी जुनी मिळाली, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या इस्त्रीवाल्याकडे. दुकानाच्या मागच्या खोलीत पडून होती आणि तिच्यात कपड्यांचे हँगर भरून ठेवले होते. तीन फूट लांब, काच जाड, एकही ओरखडा नाही. मागच्या बाजूला, टाकीच्या पूर्ण लांबीएवढी एक काळी काच उभी चिकटवलेली होती. तिच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये चार बोटांचा कप्पा, वरून काचेच्या पट्टीने बंद. "फिल्टरचा कप्पा आहे तो," इस्त्रीवाला म्हणाला. "मुळातच बनवलेला. असू दे तसाच, तुम्हाला काय त्रास देतोय?" एवढं बोलून तो पुन्हा कॉलरवर इस्त्री फिरवायला लागला.

टाकी बाईंच्या पलंगासमोर, खिडकीशेजारच्या भिंतीला लावून ठेवली. पाणी भरलं, बाहेरून एक छोटा पंप लटकवला आणि पाच गोल्डफिश सोडले. बाईंनी तासाभरात त्यांचं बारसं उरकलं. सगळ्यांत लठ्ठ तो मुख्याध्यापक. पांढऱ्या शेपटीच्या त्या ड्रॉइंगच्या बाई. सगळीकडे नाक खुपसणारा इन्स्पेक्टर. तळाशी रेंगाळणारा शिपाई. आणि फाटक्या पराचा, सगळ्यांत बारका मॉनिटर. कितीतरी दिवसांनी खोलीत हसू ऐकू आलं, म्हणून मिलिमीटर उगाचच स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

पण चौथ्या दिवशी बाईंनी टाकीकडे पाठ केली.

"काय झालं? आवडले नाहीत का?"

"मासे छान आहेत हो. पण त्या काळ्या काचेत मीच जास्त दिसते." मग त्या म्हणाल्या, "मी अशी दिसायला लागलेय हे सांगितलं नाहीत तुम्ही मला."

चष्मेवाल्याच्या वर्मी घाव बसला. मागे काळोख असला की काचेचा आरसा होतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि पस्तीस वर्षं काचेत घालवलेल्या माणसाने आजारी बायकोपुढे दिवसभर आरसा धरून ठेवला होता. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, कप्पा काढायचा.

मासे बादलीत गेले, टाकी न्हाणीघरात जुन्या रजईवर आडवी झाली. सिलिकॉन कापायला मिलिमीटरांनी पात्याबरोबर चष्म्याचा नायलॉनचा धागा घेतला, बिनकाठाच्या फ्रेममध्ये भिंग धरून ठेवतो तो. धाग्याची दोन टोकं बोटांना गुंडाळून करवतीसारखा पुढे-मागे ओढला की सिलिकॉन लोण्यासारखं कापलं जातं आणि काचेला चरासुद्धा पडत नाही.

कापताना दोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. एक म्हणजे सिलिकॉनचे तीन थर होते: पिवळा पडलेला, त्यावर मळकट, त्यावर बऱ्यापैकी नवा. ही काच तीनदा बसवलेली होती. दुसरी म्हणजे, पाणी आत जायला कप्प्याला खाचा असतात त्या इथेही होत्या, पण प्रत्येक खाचेवर काचेचा तुकडा चिकटवून ती बुजवलेली होती. पाणी आत जाणार नाही असा फिल्टर कोण करतं? "कुणीतरी अर्धवट," मिलिमीटर स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं. दुसऱ्याच्या कामात खोट सापडली की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

काळी काच सुटून हातात आली. कप्प्यात ना स्पंज, ना मोटर, ना घाण. आतून तो कोरडा आणि स्वच्छ होता. त्यांनी पट्टी लावून खोली मोजली, बहात्तर मिलिमीटर. काळ्या काचेच्या आतल्या बाजूला मात्र, जी बाजू कायम बंद कप्प्यात होती तिच्यावर, तेलकट बोटांचे ठसे उमटलेले होते. जेवता जेवता कोणी काचेला हात लावावा तसे. मिलिमीटरांनी सवयीने त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काच कपाटामागे उभी करून ठेवली.

३

कडा घासून, जोड तपासून, दोन दिवस पाणी भरून गळती बघून टाकी पुन्हा जागेवर आली. मागच्या भिंतीवर त्यांनी फिक्कट निळा कागद लावला. आता बाईंना मासे दिसत, मागे निळं दिसे, आणि स्वतःचा चेहरा दिसत नसे.

मासे मात्र त्या मोकळ्या झालेल्या जागेत जाईनात. पोहत पोहत मागे जात आणि ठरावीक ठिकाणी, जणू काच अजून तिथेच आहे अशा थाटात, वळून परत येत. सवयीचे गुलाम, मिलिमीटरांनी मनात म्हटलं. स्वतःचं दुकान विकल्यावर महिनाभर तेही रोज सकाळी किल्ल्या शोधत होतेच की.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मासे मागे गेले. पाचही. मागच्या काचेला लागून ओळीने उभे राहिले, तोंडं वर केली आणि उघडमीट करायला लागले. खाणं घालायला माणूस आला की मासे असेच करतात, पण माणूस टाकीच्या पुढे उभा होता. मागे निळा कागद, त्यामागे भिंत, आणि भिंतीपलीकडे काहीच नाही. घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली रस्ता.

मिलिमीटरांनी पुढच्या बाजूला लाल दाणे टाकले. एकानेही ढुंकून पाहिलं नाही. दाणे तळाशी जाऊन फुगले.

असं चार दिवस चाललं. उपाशी मासे रोडावायला हवेत. हे तर बाळसं धरत होते. आता सांगायची गोष्ट जरा ओंगळ आहे, पण मिलिमीटरांचा स्वभाव माहीत असलेल्याला नवल वाटायचं नाही. त्यांनी दागिने बघायचं भिंग डोळ्याला लावून माशांची विष्ठा तपासली. लाल दाणे खाल्ले तर ती लाल हवी. ती पांढरी होती. म्हणजे मासे रोज खात होते, आणि खात होते ते मिलिमीटरांच्या हातचं नव्हे.

"पाण्यात काहीतरी शेवाळ धरत असेल," ते बाईंना म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या. त्या टाकीच्या मागच्या बाजूकडे बघत होत्या. अगदी लाडाने बघत होत्या.

४

त्या शनिवारी काट्याने चाळीस दाखवले. नर्सताईंनी काटा सरकवून पुन्हा वजन केलं. चाळीसच. "काका, जादू केलीत की तुम्ही," त्या म्हणाल्या. मिलिमीटरांनी "छे, छे" केलं आणि आतून फुलून आले. नर्सताई गेल्यावर मात्र त्यांना आठवलं, की आठवडाभरात बाईंनी त्यांच्या हातचे मोजून सात चमचे खाल्ले होते.

दर दुपारी चारच्या सुमारास ते वाटी घेऊन येत, आणि बाई हसून सांगत, "नको हो, पोट भरलंय." पूर्वी त्या "उतरत नाही" म्हणायच्या. "भरलंय" हे नवीन होतं. पुढच्या शनिवारी बेचाळीस. त्याच्या पुढच्या शनिवारी साडेचव्वेचाळीस. गालांवरचे खड्डे बुजले, बांगडी सैल होती ती मनगटावर ठरायला लागली. लेकीने फोनवर चेहरा बघितला आणि ती रडायलाच लागली. "बाबा, काय देताय हो आईला?"

"मासे दाखवतोय," मिलिमीटर म्हणाले. दुसरं काय सांगणार?

डॉक्टरही खूश, नर्सताईही खूश. बाई तर केस विंचरून, उशीला टेकून बसू लागल्या आणि वर्तमानपत्रातलं अंकांचं कोडं सोडवायला लागल्या. अख्ख्या घरात एकटे मिलिमीटरच सुखाने बसू शकत नव्हते. बायको बरी होतेय तर आपल्याला धास्ती कसली, हे त्यांनी स्वतःला दहादा विचारलं. चोरून खात असेल, असं म्हणावं तर स्वयंपाकघरातला बिस्किटाचा पुडाही हललेला नव्हता. आणि बाईंना आधाराशिवाय चार पावलंही टाकता येत नव्हती.

एके दिवशी चारला ते खोलीत न जाता दाराबाहेर थांबले. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक आवाज आला, बारीक. भांड्याच्या तळाशी उरलेलं निपटून घेताना चमचा फिरतो तसा. खोलीत भांडं नव्हतं. वाटी त्यांच्याच हातात होती.

त्यांनी दार लोटलं. बाईंनी डोळे मिटून हनुवटी वर केली होती. तोंड उघडलं, मिटलं. त्या सावकाश चावत होत्या, समाधानाने. समोर टाकीत पाच मासे मागच्या काचेशी तोंड वर करून उभे होते, त्याच लयीत.

मिलिमीटरांनी रुमालाने बाईंचे ओठ पुसले. रुमालाला एक पांढरं शीत लागलं. बोटावर घेतलं तर ते कोमट होतं.

"कोण भरवतं गं तुला?"

बाईंनी डोळे उघडले आणि खरोखर विचार केला. "हात ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचा तेवढं आठवत नाही. पण घाई करत नाही हो अजिबात."

५

घाई करत नाही, हे मिलिमीटरांना लागलं. ते घाई करत होते का? पुढचा चमचा तयार धरून बसायचे खरे. पण तो काय घाईचा चमचा होता? तो भीतीचा चमचा होता. रात्रभर कूस बदलत त्यांनी यावर स्वतःशीच वाद घातला आणि सकाळी उठून ठरवलं, की काय आहे ते एकदा नीट बघायचं.

पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून, तिरकं बघितलं तर तो चांदीसारखा आरसा दिसतो. वरचं काही दिसत नाही, खालचाच तळ उलटा होऊन दिसतो. प्रकाशाचा साधा नियम आहे, मिलिमीटरांनी तो शेकडो गिऱ्हाइकांना ग्लासातल्या पाण्यात दाखवला होता. म्हणून चार वाजायला पाच मिनिटं असताना ते टाकीपुढे गुडघे टेकून बसले आणि पुढच्या काचेला गाल लावून, खालून वर, मागच्या बहात्तर मिलिमीटरांकडे बघू लागले.

तिथला चांदीचा आरसा स्वच्छ होता. त्यात तळातले खडे उलटे दिसत होते. मासे आले, ओळीने उभे राहिले.

मग आरशात बोटं आली. तीन बोटं आणि अंगठा, चिमटीत काहीतरी पांढरं धरलेलं. ती बोटं पाण्याच्या वर नव्हती. मिलिमीटरांनी झटकन मान वर करून बघितलं, वर हवा होती. पाण्यातही नव्हती, पाणी हललं नव्हतं. ती फक्त त्या आरशात होती, आणि मासे त्यांच्यातून खात होते. मुख्याध्यापक पुन्हापुन्हा पुढे घुसत होता, तेव्हा एका बोटाने त्याला हलकेच बाजूला सारलं. थोरल्याला मागे करून धाकट्याला आधी द्यावं, तसं. मॉनिटर फाटक्या पराने धडपडत येईपर्यंत ती बोटं थांबून राहिली.

मिलिमीटरांनी उभ्या आयुष्यात इतका प्रेमळ हात पाहिला नव्हता. त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. कारण माशांचं झाल्यावर ती बोटं पाण्याच्या कडेकडेने, खिडकीच्या बाजूने पलंगाकडे वळली, आणि मागून बाई कौतुकाने म्हणाल्या, "आले का मॉनिटरसुद्धा? शहाणे आहेत."

६

दुसऱ्या दिवशी टाकीत चारच मासे होते.

मुख्याध्यापक नव्हता. टाकीवर जाळीचं झाकण होतं आणि ते घट्ट बसलेलं होतं. तरी मिलिमीटरांनी कपाटाखाली, पलंगाखाली, पंपाच्या नळीत शोधलं. उडी मारलेला मासा वाळून कुठेतरी सापडतो. हा कुठेच नव्हता. आठवड्याने ड्रॉइंगच्या बाई गेल्या. मुख्याध्यापकानंतर अंगाने त्याच भरलेल्या होत्या.

हिशेब बाईंनी शिकवलेल्या गणिताइतका सोपा होता. जो भरत होता, तो जात होता. आणि त्या शनिवारी काटा शेहेचाळीसवर गेला.

मिलिमीटर चपला अडकवून थेट इस्त्रीवाल्याकडे गेले. तो शर्टाची बाही पसरत होता.

"ती काळी काच तुम्ही बसवली होतीत?"

इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. "तुम्ही काढलीत होय." मग बाही उलटवून म्हणाला, "तीनदा बसवली. दोनदा मीच काढली परत. आजीचे हाल बघवत नव्हते."

"आणि आजी?"

इस्त्री एका जागी थांबली. करपल्याचा वास आला तसा त्याने ती उचलली. "आजी छान होती शेवटी. गुबगुबीत," तो म्हणाला. "आम्हाला खांदा द्यायला मिळाला नाही, एवढंच." मिलिमीटर तसेच माघारी फिरले.

घरी येऊन त्यांनी कपाटामागची काळी काच काढली. मासे बादलीत, टाकी न्हाणीघरात. खाचा बुजवलेल्या तशाच ठेवल्या, सिलिकॉनचा चौथा थर भरला, वरची पट्टी चिकटवली, आणि दोन दिवस वाळू दिली. सिलिकॉनची रेघ सरळ आली. टाकी परत समोर ठेवली तेव्हा बाईंनी काळ्या काचेत स्वतःचा चेहरा बघितला.

"तुम्ही केलंत म्हणजे विचार करूनच केलं असणार," त्या म्हणाल्या. त्यांनी रागावायला हवं होतं. मिलिमीटरांना ते सोपं गेलं असतं.

७

आणि बाई उतरायला लागल्या.

दर दुपारी चारला त्या हनुवटी वर करत, तोंड उघडत, थोडा वेळ तशाच थांबत आणि मग मिटून घेत. मिलिमीटर चमचा पुढे करत. बाई त्यांच्यासाठी म्हणून गिळायचा प्रयत्न करत, आणि पाच मिनिटांत सगळं उलटून पडे. मिलिमीटरांनी घाई सोडली. एका चमच्याला पंधरा मिनिटं दिली, हात बदलला, चमचा बदलला, चमचा टाकून बोटांनी भरवून पाहिलं. चिमटी अगदी त्या आरशात पाहिली तशी धरली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती करताय हो माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि तो घासही बाहेर आला.

त्रेचाळीस. एकेचाळीस. चाळीसनंतरच्या शनिवारी नर्सताईंनी काटा सरकवून पुन्हा वजन केलं. सदतीस पूर्णांक आठ. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सोमवारी सकाळी गाडी येईल, कपड्यांची पिशवी भरून ठेवा.

रविवारी सकाळी मिलिमीटर पिशवी भरायला बसले. दोन गाऊन, कंगवा, अंकांच्या कोड्यांचं पुस्तक. बाईंचा चष्मा ठेवताना त्यांनी सवयीने तो उजेडात धरून पाहिला. डावं भिंग अर्धा मिलिमीटर खाली बसलं होतं. ते त्यांनीच बनवलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बायकोनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेला येऊन बसले.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मुख्याध्यापक मेला नाही. तो गेला. ड्रॉइंगच्या बाईही गेल्या. भरले आणि गेले. ती काच काढली तर तूही जाशील."

बाईंचा आवाज आता पलंगाच्या कडेपर्यंतच पोचत होता. "कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "बदली झाली म्हणायचं त्यांची."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"मग काय करू? उपाशी जाण्यापेक्षा खाऊनपिऊन गेलेलं बरं की. शिवाय नळीही नाही." त्यांनी मिलिमीटरांचा हात शोधून धरला. "तुमचं काय होईल, एवढाच प्रश्न सुटत नाही. तेवढं उत्तर आलं की माझी वही बंद."

चाळीस वर्षांत ते बायकोशिवाय एक रात्रही राहिले नव्हते. नसते राहू शकले, हे त्यांना आत्ता, दिवसाढवळ्या, स्वच्छ दिसलं. आणि ते दिसल्यावर भीती होती तिथेच राहिली, पण तिच्यामुळे अडेनासं झालं. ते उठले आणि नायलॉनचा धागा शोधायला लागले.

८

चारला दहा मिनिटं कमी असताना टाकी जागेवर होती. पाणी अजून थोडं गढूळ होतं. इन्स्पेक्टर, शिपाई आणि मॉनिटर सोडल्या सोडल्या मागच्या बाजूला गेले आणि ओळीने उभे राहिले. काळी काच दाराशी पडली होती, तिचे मिलिमीटरांनी हातोडीने तुकडे केले होते.

ते पलंगावर चढून बाईंच्या शेजारी बसले, खांद्याला खांदा लावून. उशी दोघांच्या पाठीमागे सारखी केली. कुणापुढे हात पसरायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे शब्द जुळायला वेळ लागला.

"आम्ही दोघं आहोत," ते टाकीकडे बघून म्हणाले. "भरवायचं असेल तर दोघांना भरवा. एकीला नाही."

निळा कागद तसाच होता. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. मग भांड्याच्या तळाशी चमचा फिरल्याचा आवाज आला, आणि बाईंनी डोळे मिटून हनुवटी वर केली. त्या चावत होत्या. मिलिमीटर बघत राहिले. त्यांच्याकडे काहीच आलं नाही. दुसरा घास, तिसरा घास, सगळे बाईंचे. आपल्याला मागे ठेवणार, असं त्यांना वाटलं.

चौथ्या घासाला बाई थांबल्या. मान तिरकी करून त्यांनी काहीतरी ऐकून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला विचारतायत. तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

मिलिमीटरांनी आठवायचा प्रयत्न केला. बाईंचे चमचे त्यांनी मोजले होते, माशांचे दाणे मोजले होते, काट्यावरचे पूर्णांक आणि अपूर्णांक लिहून ठेवले होते. स्वतःचं मात्र एकही जेवण आठवेना, काल नाही, परवा नाही. वर्षभरात त्यांना हे कोणीही विचारलं नव्हतं. लेकीने नाही, डॉक्टरांनी नाही, त्यांनी स्वतःही नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि लहान पोरासारखी मान हलवत ते म्हणाले, "आठवत नाही हो."

बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. मिलिमीटरांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घास लगेच आला नाही. अगदी जवळून, त्यांच्या ओठांसमोर, कोणीतरी आधी फुंकर घालून तो निववला.